पाव लिटरची टाकी

ओव्हरसियर साहेबांनी पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं नोकरी केली, चौदा टाक्या बांधून घेतल्या, आणि त्यांतली एकही कोसळली नाही. हे ते स्वतःच सांगत, कारण दुसऱ्या कोणी सांगण्याचं कारण नव्हतं. पडलेली टाकी सगळ्या गावाच्या लक्षात राहते. उभ्या टाकीकडे मान वर करून बघतो कोण? त्यांची सगळ्यांत मोठी टाकी वीस लाख लिटरची. पंधरावी टाकी निवृत्तीनंतर तीन वर्षांनी घरातच बसवायची वेळ आली. ती होती पाव लिटरची, आणि तिने साहेबांना जेवढा घाम फोडला तेवढा वीस लाखवालीने फोडला नव्हता.

ही टाकी सुनेच्या कॉम्प्युटरमध्ये बसायची होती. सून घरी बसून अजून न बांधलेल्या इमारती लोकांना दाखवायची. म्हणजे नकाशा आला की ती कॉम्प्युटरवर भिंती उभ्या करायची, खिडक्यांतून ऊन आत घ्यायची, आणि शेवटी दारातून शिरून गच्चीपर्यंत फिरून आल्यासारखी फिल्म तयार करायची. साहेबांना या धंद्याचं फार नवल वाटे, कारण त्यांच्या खात्यात बांधून झालेली टाकीसुद्धा कागदावर यायला वर्ष लागायचं. एका मोठ्या आर्किटेक्टच्या ऑफिसने तिचं काम पारखून बघायला एका वाचनालयाची इमारत दिली होती. फिल्म पसंत पडली तर कायमचं काम मिळणार होतं, आणि त्यासाठी तिने दोन वर्षं उंबरे झिजवले होते.

पण वाचनालय मोठं आणि कॉम्प्युटर म्हातारा. दुपार झाली की पेटी तापायची, पंखे केकाटायला लागायचे, सासूबाई स्वयंपाकघरातून मिक्सर कोणी लावला म्हणून विचारायच्या, आणि नेमकं पहिल्या मजल्याचं ऊन खिडकीतून आत येत असताना पडदा काळाठिक्कर पडायचा. मग पुन्हा पहिल्यापासून.

सुनेने आठवडाभर वाचन केलं आणि पाण्याने कॉम्प्युटर गार ठेवायचं सामान मागवलं. कॉम्प्युटरचे जे दोन भाग सगळ्यांत जास्त तापतात, त्यांच्या डोक्यावर तांब्याचे ठोकळे बसवायचे, त्यांतून पाणी खेळवायचं. ते गरम झालं की रेडिएटरमध्ये जाऊन गार होतं, तिथून टाकीत येतं, आणि पंप त्याला परत फेरीला पाठवतो. तेच पाणी, फिरून फिरून. खोकं उघडताना तिचे दोन्ही हात गुंतले होते म्हणून ती एवढंच म्हणाली, "बाबा, ही टाकी जरा धरता का?" साहेबांनी टाकी धरली, आणि मग सोडलीच नाही.

आता याला कोणी लुडबुड म्हणेल. पण साहेबांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. ज्या माणसाच्या एका सहीने निम्म्या गावाचे नळ सुरू व्हायचे आणि बंद व्हायचे, त्याला तीन वर्षांत कोणी पाण्यातलं काही विचारलं नव्हतं. घरातला बेसिनचा नळ गळायला लागला तेव्हा मुलाने परगावाहून फोनवरून परस्पर प्लंबर पाठवला, आणि त्या प्लंबरने साहेबांना आजोबा म्हणून बाजूला सरायला सांगितलं. हे त्यांना फार लागलं होतं. त्यात आता घरात साक्षात टाकी आली. काचेची, देखणी, खाली तोटी, वर आट्यांचं झाकण. साहेबांनी ती उजेडाकडे धरून पाहिली आणि त्यांना बरं वाटलं.

पहिली गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती म्हणजे सोसायटीचा नियम सतरा.

चार वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या एका इसमाने सोसायटीच्या पाइपलाइनला गुपचूप पंप लावून घरात टाकी बसवली होती, आणि बाकीच्यांचे नळ नुसते सुस्कारे टाकत होते. तेव्हा साहेबांनी स्वतःच्या हाताने नियम लिहिला: पंप जोडलेली पाण्याची टाकी, मग ती कोणत्याही आकाराची असो, समितीच्या लेखी परवानगीशिवाय कोणत्याही घरात बसवू नये. 'मग ती कोणत्याही आकाराची असो' हे शब्द खास त्यांचे, कारण माझी टाकी लहानच आहे असं तो इसम म्हणाला होता.

सुनेने सांगून पाहिलं की ही टाकी पाण्याच्या पेल्याएवढी आहे आणि सोसायटीच्या नळाशी तिचा काडीचा संबंध नाही. सेक्रेटरी जिन्यात भेटले, तेही म्हणाले की साहेब, कॉम्प्युटरच्या आत काय करायचं ते करा, आम्ही बघायला येत नाही. पण नियम करणाऱ्यानेच नियम मोडायचा म्हटल्यावर झालंच. साहेबांनी अर्ज केला. तीन प्रती, सोबत नकाशा. आयुष्यभर त्यांनी टाक्यांचे नकाशे शंभर पटीने लहान करून काढले होते. हा पहिलाच असा की टाकी कागदावर ठेवली आणि भोवतीने पेन्सिल फिरवली.

गुरुवारी समिती बसली. पाण्याच्या बाबतीत सोसायटीचे तांत्रिक सल्लागार अजून कागदोपत्री साहेबच, त्यामुळे त्यांच्या अर्जावर त्यांचंच मत घेणं भाग होतं. अर्जदार अनुभवी आणि जबाबदार आहेत, असं मत त्यांनी लेखी दिलं. मग स्वतःच्या प्रकरणाच्या चर्चेत बसणं बरं नव्हे म्हणून बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. आतून हसण्याचा आवाज आला. एकदा आला, मग थांबला, मग जास्त जोरात आला. साहेबांनी पायरीच्या फरशीची भेग बारकाईने पाहिली आणि ती कोणत्या वर्षी पडली असावी याचा विचार केला.

परवानगी मिळाली, पण सशर्त. अध्यक्षा निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी टाकी वर्षातून किती वेळा धुणार हे लिहून मागितलं. खालच्या घरात होमिओपॅथ डॉक्टर राहत. त्यांच्या छतावर गळतीचे दोन जुने डाग होते, आणि पाहुणा आला की ते चहाच्या आधी डाग दाखवत. तिसरा पडणार नाही अशी हमी त्यांना हवी होती. वर त्यांनी सल्लाही दिला की पाण्यात शेवाळं धरू नये म्हणून जे थेंब घालायचे ते जितके पातळ कराल तितका गुण जास्त. शेवटी ठरलं की शनिवारी सकाळी अकरा वाजता समिती प्रत्यक्ष पाहणी करील आणि मगच टाकी चालू होईल.

या सगळ्यात पाच दिवस गेले. फिल्म द्यायची होती त्याच्या पुढच्या शनिवारी. सुनेने तेवढ्या वेळात ठोकळे बसवले, नळ्या कापल्या, रेडिएटर लावला. मुलाचा फोन आला तेव्हा तो स्पीकरवर आहे हे त्याला माहीत नव्हतं. बाबांना हात लावू देऊ नकोस, असं तो म्हणाला. साहेब तेव्हा पलीकडेच वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

शनिवारी सकाळी टाकी बसवायची वेळ आली. पेटीत तळाशी मोकळी जागा होती म्हणून सुनेने टाकी खाली आणि पंप तिच्यावरच्या पट्टीवर, असा बेत केला होता. साहेबांनी इतका वेळ हात मागे बांधून ठेवले होते, पण हे बघवेना.

"अगं, पंप पाणी ढकलतो. ओढायला त्याला जड जातं. टाकी वर घे, पंप खाली. पाणी आपल्या पायांनी त्याच्याकडे आलं पाहिजे."

सुनेने सामानाबरोबर आलेलं पुस्तक उघडलं, दोन पानं चाळली, आणि म्हणाली, "बाबा, इथे अगदी हेच लिहिलंय. पंप कोरडा फिरला तर जळतो म्हणे. बरं झालं बोललात."

बरं झालं बोललात. तीन वर्षांत हे शब्द साहेबांच्या कानी पडले नव्हते. त्यांची छाती दोन इंच फुगली, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या दोन इंचांतून झाला असं म्हणायला हरकत नाही.

सुनेने टाकी भरली. फक्त पंपालाच वीज दिली, बाकी कॉम्प्युटर बंद. म्हणजे गळती झालीच तर जळायला काही नको. पंपाने पाणी नळ्यांत ढकललं, टाकी झरझर रिकामी झाली, तिने पंप थांबवून पुन्हा भरली. असं चारदा केल्यावर पाणी एका पातळीला थांबलं. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर अंथरला होता. एकही भिजला नाही. मग तिने वरचं झाकण फिरवून घट्ट लावलं. इथे साहेब पुन्हा बोलले. टाकी म्हटली की तिला श्वास घ्यायला वाट हवी. वरून हवा आत गेली नाही तर खालून पाणी सुटत नाही, हे ते चौदा टाक्यांवर शिकले होते. सुनेने समजावून सांगितलं की पाणी जातं तेवढंच परत येतं, पातळी हलत नाही, त्यामुळे हवेची गरजच नाही. साहेबांनी मान डोलावली. कॉलेजातून नुकतेच आलेले इंजिनिअर त्यांना टाकी कशी असते ते सांगायचे, तेव्हा ते अशीच मान डोलावत आणि संध्याकाळी आपल्या मनासारखं करून टाकत.

दाराची बेल वाजली. सून उघडायला गेली. साहेबांनी झाकण अर्धा आटा सैल केलं. अर्धाच. पाणी छान फिरत होतं, तरी त्यांना वाटलं की आता जास्त छान फिरतंय.

समिती आत आली. अध्यक्षा, सेक्रेटरी, आणि सोबत आपल्या छताच्या काळजीने होमिओपॅथ. सासूबाईंनी खुर्च्या मांडल्या. सुनेने सगळं दाखवलं, आणि अध्यक्षा म्हणाल्या की इतकं सोपं करून आमच्या विज्ञानाच्या बाई सांगत नसत. सुनेचा चेहरा उजळला. मग ती म्हणाली की नळ्यांच्या वळणांत अजून हवेचे बुडबुडे अडकलेत. पेटी थोडी वाकडी केली की ते वर येऊन टाकीत जमा होतील. तिने दोन्ही हातांनी पेटी उचलली आणि सावकाश एका अंगावर कलती केली.

बुडबुडे निघाले. त्यांच्या मागून झाकणाखालून पाणीही निघालं, आणि टाकीच्या अंगावरून ओघळत थेट ग्राफिक्स कार्डावर पडलं. या कार्डाच्याच जोरावर पडद्यावर ऊन पडत होतं, आणि सबंध पेटीत महाग काही असेल तर तेच. होमिओपॅथ आधी जमिनीकडे बघत खाली बसले. सुनेने पेटी सरळ केली, पंपाचं बटण बंद केलं, आणि झाकणाला हात लावला. ते तिच्या बोटांखाली सहज फिरलं.

सेक्रेटरींनी पाहणीचा कागद काढला होता, त्यात गळती असल्यास कारण असा रकाना होता. हा रकानाही साहेबांनीच घातलेला. सेक्रेटरींनी भीतभीत विचारलं की काय लिहू. सून म्हणाली, "लिहा, माझ्या हातून झाकण नीट लागलं नाही." तिचा आवाज अगदी सरळ होता. साहेब तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. त्यांना बोलायला भरपूर जागा होती, आणि ते बोलले नाहीत.

खात्यात याची फार जुनी सवय. पाइप फुटला, व्हॉल्व्ह उघडा राहिला, रस्त्यावर तळं झालं, की अहवालात कारण ठरलेलं: अज्ञात. साहेबांनी बत्तीस वर्षांत असे कित्येक अज्ञात लिहिले होते आणि त्यांतले बरेचसे त्यांच्या ओळखीचे होते. पण तिथे अज्ञातावर भागायचं. इथे दुसऱ्याच माणसाने, तेही विनाकारण, पुढे होऊन आपलं नाव दिलं होतं.

कार्ड काढून, पुसून, टेबलावर पंख्यासमोर ठेवलं. दोन दिवस पुरतं वाळल्याशिवाय वीज द्यायची नव्हती. सासूबाई म्हणाल्या तांदळाच्या डब्यात ठेव, सून नको म्हणाली. ती रडली-बिडली नाही. पण रविवारी सकाळी साखरेची बरणी कोणालाच उघडेना. मग तेलाची बाटली उघडेना. औषधाची, तिखटाची, साहेबांच्या दाढीच्या साबणाची डबीसुद्धा. सून येता-जाता घरातलं प्रत्येक झाकण घट्ट करत होती, आणि घट्ट केल्यावर पुन्हा येऊन बघत होती. सासूबाईंनी फडक्यात धरून एकेक बरणी उघडली आणि तिच्या समोर चुकूनही बंद केली नाही.

खाई त्याला खवखवे म्हणतात. साहेबांचं जेवणावरून लक्ष उडालं. दुपारी सून मुलाशी फोनवर बोलत होती ते त्यांनी ऐकलं. ती म्हणत होती की झाकण लावल्याचं मला नक्की आठवतं, शेवटचा पीळसुद्धा हाताला आठवतो. पण ते सैल होतं हेही खरं, म्हणजे माझ्या हातावर माझाच भरवसा ठेवता येत नाही. असलं नाजूक काम अंगावर घेण्यात अर्थ नाही. ऑफिसला कळवून टाकते की जमणार नाही.

साहेब खोलीत गेले, कागद घेतला, आणि माणसाने मन मोकळं करावं तसा त्यांनी अहवाल लिहिला. सदर झाकण हवा खेळती राहण्याच्या हेतूने किंचित सैल करण्यात आले होते असे निदर्शनास येते. तो त्यांनी बायकोला दाखवला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला.

"हे केलं कोणी, ते यात कुठे आहे?"

"अहवालात नावं घालत नाहीत."

"मग तोंडाने सांगा," ती म्हणाली, आणि कागद परत दिला. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्यांना किती झाकणांना हात लावताना पाहिलं होतं.

सून टेबलाशी बसून फोनवर ऑफिसला निरोप टाइप करत होती. साहेब दारात उभे राहिले.

"झाकण तू घट्ट लावलं होतंस," ते म्हणाले. "मी सैल केलं."

तिने मान वर केली. "कधी?"

"बेल वाजली तेव्हा."

"किती?"

"अर्धा आटा."

"का, बाबा? मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

साहेबांनी तोंड उघडलं. हवेचा दाब, टाकीचा श्वास, अमुक साली अमुक ठिकाणी झालेला प्रकार, सगळं जिभेवर तयार होतं. त्यांनी ते गिळलं. "मला वाटलं, मला जास्त कळतं."

सुनेला राग आला आणि तिने तो लपवला नाही. "काल मी सगळ्यांसमोर माझं नाव सांगितलं, तुम्ही शेजारी उभे होतात. काल रात्रीपासून गॅस बंद केलाय का ते मी चार वेळा उठून बघितलंय. मला वाटलं माझं डोकं फिरलं." साहेब होते तिथेच उभे राहिले. तिने फोन हातात घेतला, टाइप केलेला निरोप एकेक अक्षर करून खोडला, आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे मी लावलं होतं."

त्यानंतर ती संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. खात्यात एवढ्यासाठी बदली झाली असती, तेव्हा साहेबांनी ही शिक्षा सौम्यच धरली. ते तडक सेक्रेटरींकडे गेले आणि पाहणीचा कागद दुरुस्त करायला मागितला. सेक्रेटरी भला माणूस. म्हणाले, साहेब, कशाला वाढवता, मी अज्ञात कारण लिहून टाकतो, कोण वाचतंय?

"नको," साहेब म्हणाले. "बत्तीस वर्षं तेच लिहिलं. एकदा तरी माहीत असलेलं कारण लिहू द्या." त्यांनी सुनेचं वाक्य खोडलं, वर आपलं नाव लिहिलं, आणि खाली सही केली. सोमवारी ही बातमी सगळ्या जिन्यांवर होती. होमिओपॅथ त्यांना थांबवून म्हणाले की अर्धा आटा म्हणजे फार मोठा डोस झाला. साहेबांनी ते ऐकून घेतलं.

सोमवारी संध्याकाळी कार्ड जागेवर बसलं. सांध्यांखाली नवे टिश्यू पेपर अंथरले. साहेब बाहेरच्या खोलीत खुर्चीला चिकटून बसले होते. आतमध्ये जायचं नाही असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. आतून हाक आली.

"बाबा, टाकी भरायचीय. येताय ना? मला एका हाताने पेटी धरायला लागते."

साहेब गेले. तिने पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी खुणेपर्यंत पाणी ओतलं, पंप फिरला, पातळी उतरली, पुन्हा ओतलं. चार वेळा. एक थेंब सांडला नाही. मग सुनेने झाकण लावलं, पिळून घट्ट केलं, आणि हात तसाच त्याच्यावर ठेवून थांबली. तिचं मन अजून पुरती खात्री देत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"बघा बरं, बाबा. बसलंय ना नीट?"

साहेबांचा उजवा हात आपोआप पुढे आला. झाकणापासून चार बोटांवर तो थांबला. त्यांनी तो मागे घेतला, दुसऱ्याही हाताला बरोबर घेतलं, आणि दोन्ही पाठीमागे घट्ट बांधले.

"तू लावलंयस ना?" ते म्हणाले. "मग मी काय बघायचं त्यात?"

सुनेने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, झाकणावरचा हात उचलला, आणि पेटी कलती केली.